कठड्याला लाथ

ॲबरिस्टविथमध्ये समुद्राकाठचा रस्ता जिथे संपतो
तिथे एक लोखंडी कठडा आहे.
तिथवर चालत जायचं
आणि त्याला लाथ मारायची.
का, ते कुणालाच धड सांगता येत नाही.
हेलेद म्हणाली, आईनं मारली होती, मी पोटात असताना.
एवढंच. मार.

पहिल्या आठवड्यात मारली, फोटोपुरती.
बार्शीच्या स्टँडवर काका चारचौघांत म्हणाले होते,
आमची शाल्मली लाथ मारील तिथं पाणी काढील.
फोटो बघून त्यांचा मेसेज :
दिसलं पाणी!

डिसेंबरात चारलाच अंधार.
काचघरात ओटच्या दोनशे चाळीस कुंड्या,
रोज प्रत्येक पानाची लांबी, मिलिमीटरमध्ये.
रोपं वाढत होती. मी आकडे लिहीत होते.
संख्याशास्त्रात अडतीस पडले.
पास व्हायला पन्नास.

आईला सांगितलं, थंडी फार आहे गं.
ते काही खोटं नव्हतं.

समुपदेशकाकडे सहा आठवड्यांची रांग.
तोवर एक पत्रक :
दीर्घ श्वास घ्या. भरपूर पाणी प्या.
खिडकीबाहेर अख्खा समुद्र,
आणि मी पाणी पीत बसलेली.

रात्री दोनला स्वयंपाकघरात टोबेची भेटायचा.
त्याच्या देशाचा पैसा घसरत होता
आणि फी पाउंडातच होती.
झोप आली नाही की तो भांडी घासायचा,
स्वतःची संपली की सगळ्यांची.
मी फडकं घेऊन शेजारी उभी राहायचे.
बोलणं नाही.
तो कढई द्यायचा, मी पुसायचे,
पुसलेलीच पुन्हा पुसायचे.
हेलेदला वाटायचं,
परीक्षा जवळ आली की या घरात भुतं साफसफाई करतात.

जानेवारीत वादळ आलं.
लाटा तिसऱ्या मजल्यावर टकटक करायला लागल्या
तेव्हा आम्हाला उशा घेऊन बाहेर काढलं
आणि व्यायामशाळेत, बॅडमिंटनच्या रेघांवर झोपवलं.
वीज गेली.
अंधारात कुणीतरी म्हणालं, मी बहुतेक परत जाणार घरी.
कुणीतरी म्हणालं, मी नोव्हेंबरपासून वर्गात गेलेलो नाही.
माझ्या तोंडून निघून गेलं :
अडतीस.
कोपऱ्यातून आवाज आला, चौतीस.
दाराजवळून, एकोणतीस!
उलटा लिलाव लागल्यासारखा
आकडा खाली खाली जात राहिला,
आणि कुणीतरी बारावर आणून सोडला तेव्हा
सगळी शाळा हसली.
बारावालाही. तो सगळ्यात शेवटी थांबला.
मग बराच वेळ कुणी नाक ओढत होतं.
कोण, ते बघायला उजेड नव्हता, बरंच झालं.

सकाळी रस्ताभर गोटे.
समुद्रानं रात्रभर आपलं घर रस्त्यावर आणून टाकलेलं.
नगरपालिकेच्या माणसानं फावडी दिली.
आम्ही उचलून परत खाली टाकत होतो,
टोबेची, हेलेद, बारावाला, मी.
हेलेदला विचारलं, पुन्हा आलं तर?
ती म्हणाली, येतंच की.
तेव्हा पुन्हा टाकू.

रस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत इथे जागोजागी लिहिलेलं असतं,
वाचायला अराफ, म्हणायला अराव.
महिनाभर मला ते कुणा मुलाचं नाव वाटत होतं.
हळू, असा अर्थ आहे.

फावडं टेकवून कठड्यापर्यंत गेले.
आंगठा दुखेल इतक्या जोरात मारली,
फोटो नाही.
काका, पाणी मी काढलेलं नाही.
ते आधीपासूनच होतं,
कठड्याच्या पलीकडे, गढूळ, वाट्टेल तेवढं.

ओल्या बुटांत उभी राहून आईला फोन लावला.
आई, अडतीस.
पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.
मग ती म्हणाली,
कितीपैकी?

शंभर, मी म्हणाले. ऑगस्टात पुन्हा आहे.
आणि कितीतरी दिवसांनी
मला सपाटून भूक लागली.